काम बदलतंय असं वाटतंय? मग ब्रेक असा घ्या: ठाणे-नवी मुंबईतल्या कलाकारांसाठी

काम नीट चाललंय, क्लायंट खूश आहे, आणि तरी नवी ऑर्डर आली की पोटात गोळा येतो. ठाण्या-नवी मुंबईत फ्रीलान्स करणाऱ्या आम्हा इलस्ट्रेटर, चित्रकार, सुलेखनकार मंडळींमध्ये हे बोलणं हल्ली वरचेवर कानावर येतं. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, ‘एकदा मोठा ब्रेक घ्यायला पाहिजे यार.’ मग दिवाळी अंकांची कामं येतात, ती हातावेगळी होईस्तोवर लग्नपत्रिका सुरू होतात, आणि ब्रेक पुढच्या वर्षावर जातो.

माझं म्हणणं असं की ब्रेकमध्ये तुमच्या कामापेक्षा तुमच्याकडची मागणी थांबणं गरजेचं असतं. माणूस आतून बदलतच असतो. पण लोक तुमच्याकडे तीन वर्षांपूर्वीचं चित्र मागतात, तुम्ही ते छान करून देता, आणि छान केलंत म्हणून ते पुन्हा तेच मागतात. ही साखळी काही महिने तोडली की आत जे चाललंय त्याला बाहेर यायला वाट मिळते. म्हणून या लेखात पैसे, निरोप आणि आवराआवर यांवर बरंच आहे, प्रेरणेवर फारसं नाही.

पहिलं काम: थकवा आहे का ते बघा

ब्रेक जाहीर करण्याआधी आठ-पंधरा दिवस नुसती विश्रांती घ्या. रात्री अकराला आडवं व्हायचं, डेडलाइन नाही, रंगाला हात नाही. एवढ्यानं तेच काम पुन्हा करावंसं वाटू लागलं तर तुम्ही दमला होतात. तुम्हाला लांबलचक ब्रेकची गरज नाही. कामं कमी घेण्याची आणि दर वाढवण्याची गरज आहे, आणि तो वेगळा विषय आहे.

बदलाची लक्षणं वेगळी असतात. झोप झालेली असते, हात चालतो, चित्र वेळेत होतं, पण ते करताना तुम्ही तिथे नसता. स्केच मंजूर झालं की पुढचं सगळं हात आपोआप करतो. दुसऱ्या कुणाचं, अगदी वेगळ्या जातकुळीचं काम बघून असूया वाटते. ही असूया लिहून ठेवा, कुणाच्या कोणत्या कामाची वाटली तेही लिहा. पुढे उपयोगी पडते.

तिसरी शक्यताही आहे. झोप-भूक बिघडली आहे, कशातच रस वाटत नाही, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर आधी डॉक्टर. अशा अवस्थेत कामापासून सुटी घेऊन घरात एकटं बसणं उलट जड जाऊ शकतं. ठाण्यात १९९० पासून आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था काम करते, आणि सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतूनही बोलता येतं.

पैसा: तीन महिन्यांच्या ब्रेकला सहा महिन्यांची सोय

इथे जरा थांबून वाचा, कारण बहुतेक ब्रेक इथेच मोडतात.

आपल्या धंद्यात बिल दिल्यावर पैसे यायला पंचेचाळीस दिवस, कधी दोन महिनेही लागतात. त्याचा परिणाम असा की ब्रेक सुरू झाल्यावर पहिले दोन महिने खात्यात पैसे येतच राहतात. आपल्याला वाटतं, अरे, जमतंय की! मग तिसऱ्या महिन्यात एकदम कोरड पडते. आणि परत कामाला लागल्यावरही लगेच पैसे येत नाहीत. ऑर्डर मिळणार, ती पूर्ण व्हायला महिना, मग बिल, मग पुन्हा दीड-दोन महिने वाट. म्हणून ब्रेक जितका, जवळजवळ तितकाच काळ परतीचा धरायचा.

महिन्याचा खर्च अंदाजे काढू नका, गेल्या काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट समोर ठेवून काढा. घरभाडं किंवा कर्जाचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, वीज, किराणा, मुलांची फी, आई-वडिलांची औषधं. यात दोन गोष्टी हमखास सुटतात. एक म्हणजे वर्षातून एकदाच येणारे खर्च: विम्याचा हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स, सॉफ्टवेअरची वर्गणी. दुसरं म्हणजे लग्नं-मुंजींचे आहेर, आणि ते ब्रेकमध्ये जास्तच होतात, कारण आता ‘काम आहे’ ही सबब उरत नाही. आरोग्य विमा मात्र पैसे वाचवायच्या नादात बंद पडू देऊ नका. पॉलिसी खंडित झाली की आधी काढलेला प्रतीक्षाकाळ वाया जाऊ शकतो.

जीएसटी नोंदणी असेल तर ब्रेकमध्ये एकही बिल निघालं नाही तरी शून्य रिटर्न भरावंच लागतं. नाही भरलं तर दिवसाला वीस रुपये लेट फी चढते, आणि सलग चुकत गेलं तर नोंदणी रद्द करण्याची नोटीस येते. फोनवर आठवण लावा किंवा सीएला सांगून ठेवा. दुसऱ्या बाजूला एक बरी गोष्टही आहे. कंपन्या आपल्या बिलातून साधारण दहा टक्के टीडीएस कापतात. ज्या आर्थिक वर्षात ब्रेकमुळे उत्पन्न कमी होतं, त्या वर्षाचं आयकर रिटर्न वेळेत भरलं तर त्यातली रक्कम बऱ्याचदा परत मिळते.

सहा महिन्यांचे पैसे नाहीत? मग सहा आठवड्यांचा ब्रेक घ्या. किंवा एकच काम ठेवा, तेही हाताचं नको: शनिवार-रविवारचा मुलांचा क्लास, डीटीपी, प्रुफं बघणं. ज्यात तुमची शैली विकली जात नाही असं काहीही चालेल. नोकरी सांभाळून चित्रं काढणाऱ्यांचं गणित उलट सोपं आहे. पगार चालूच असतो, बाहेरची कामं तेवढी बंद करायची.

तारीख पकडा

प्रत्येकाचं पंचांग वेगळं. दिवाळी अंकांची चित्रं करणाऱ्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी बरा, तोवर अंकांची बिलंही बहुधा हाती लागलेली असतात (बहुधा!). गणपतीच्या मूर्ती आणि मखरं करणाऱ्यांनी विसर्जनानंतरचे महिने धरावेत. एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे वर्ग घेणाऱ्यांनी परीक्षा होऊन जाऊ द्यावी. तैलरंगात काम करणाऱ्यांनी पावसाळ्याचा विचार जरूर करावा. आपल्याकडे जुलैत रंग लवकर वाळत नाही आणि कागद हवेतलं पाणी पितो, म्हणजे एरवीही ते महिने रडतखडतच जातात.

सुरुवातीची आणि शेवटची, दोन्ही तारखा ठरवा. शेवट न ठरवता घेतलेल्या ब्रेकला घरचे ‘सध्या रिकामीच आहे’ म्हणतात, आणि पंधरा दिवसांत बँकेची, गॅसची, शाळेची सगळी कामं तुमच्याकडे येतात.

निरोप

क्लायंटला मोघम सांगू नका. ‘सध्या जरा कमी कामं घेतेय’ याचा अर्थ समोरचा ‘आग्रह केला की घेईल’ असा काढतो. साधारण महिनाभर आधी असा निरोप जाऊ दे:

‘नमस्कार. १ डिसेंबर ते २८ फेब्रुवारी मी नवीन काम घेत नाहीये. ठरलेली सगळी कामं नोव्हेंबरअखेर तुमच्या हाती असतील. त्यानंतर जुन्या फाइली किंवा छोट्या दुरुस्त्यांसाठी दर सोमवारी ईमेल बघेन. मधे काही तातडीचं निघालं तर दोन चांगल्या इलस्ट्रेटरची नावं सुचवते. १ मार्चपासून पुन्हा बोलू.’

कारण देऊ नका. कारण दिलं की त्यावर चर्चा होते. दुसऱ्यांची नावं द्यायला बरेच जण कचरतात, गिऱ्हाईक कायमचं जाईल म्हणून. काही जातातही. जे फक्त जुन्या शैलीसाठी तुमच्याकडे येत होते ते गेले तर तुमची परतीची वाट मोकळीच होते.

इन्स्टाग्रामवर एक पोस्ट, ती पिन करा, आणि अ‍ॅप फोनवरून काढा. ‘लवकरच काहीतरी नवीन घेऊन येतेय’ एवढं मात्र लिहू नका. ते लिहिलंत की मागणी पुन्हा सुरू झाली, फक्त अजून न झालेल्या कामाची.

नातेवाइकांचं अवघड. ‘मग सध्या काय?’ याला आमच्या नौपाड्यात अजून कुणालाही समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही. मी ‘अभ्यास चाललाय’ म्हणते. अभ्यास म्हटलं की मराठी माणूस पुढे विचारत नाही.

आवराआवर

कामाची जागा नीट बंद करा. बहुतेकांची ती गॅलरीत किंवा हॉलच्या कोपऱ्यात असते, त्यामुळे ते टेबल दिवसभर डोळ्यांसमोर राहतं. आवरलेलं टेबल गप्प बसतं, अर्धवट टेबल बोलावत राहतं.

जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून डब्यात किंवा पिशवीत कोंबून ठेवू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. त्या पाण्यात भिजवून, मग टाका. तैलरंगाच्या ट्यूबचं तोंड पुसून झाकण घट्ट लावा, नाहीतर तीन महिन्यांनी पक्कड लागेल. ब्रश साबणानं धुऊन, टोक बोटांनी जुळवून, आडवे वाळवा. खारीच्या केसांचे असतील तर डब्यात डांबराची गोळी टाका, कसर लागत नाही. टेक्निकल पेनमधली शाई काढून कोमट पाण्यानं धुवा. कागद प्लास्टिकमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह, आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून नको, पावसाळ्यात त्या भिंती आतून ओल्या होतात. पेन टॅब्लेट आणि आयपॅड साधारण अर्धं चार्ज ठेवून बंद करा. पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने पडून राहिली तर खराब होते.

एक छोटी वही आणि एक पेन्सिल बाहेर ठेवा. बाकी सगळं आत.

दिवस कसे घालवायचे

‘मोकळं सोडा स्वतःला’ हा सल्ला ऐकायला गोड आहे. स्टेफान झाग्माइस्टर हा न्यूयॉर्कचा डिझायनर दर सात वर्षांनी स्टुडिओ वर्षभर बंद ठेवण्यासाठी प्रसिद्ध आहे. पहिल्या खेपेला त्यानं काहीच आखलं नव्हतं, आणि तो बारीकसारीक फुटकळ कामांतच अडकला. मग त्यानं आपल्याला कशाकशात रस आहे याची यादी केली, क्रम लावला आणि शाळेसारखं तासांचं वेळापत्रक केलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. त्याच्यासारखं वर्षभर बालीत जाणं आपल्याला जमणार नाही, वेळापत्रक मात्र जमेल. सकाळ एका गोष्टीला, दुपार दुसऱ्या गोष्टीला, आणि संध्याकाळ घरच्यांची.

पहिले पंधरा दिवस वाईट जातात. हात शिवशिवतात, अपराधी वाटतं, कुणाचं नवं मुखपृष्ठ दिसलं की तळमळ होते. त्या दिवसांत चालायला जा, आणि डोंगरापेक्षा वस्तीत जा, असं मी म्हणेन. येऊरला सगळेच जातात, ‘निसर्ग’ बघतात आणि हिरव्या रंगाचे फोटो काढून परत येतात. त्यापेक्षा जांभळी नाक्याला भल्या सकाळी, भाजी उतरत असताना उभं राहा. गोणपाट कसं उलगडतात, मेथीच्या जुड्या कोणत्या बाजूनं रचतात, पाणी शिंपडताना बाईचा हात कोपरातून फिरतो की मनगटातून. हे बघायचं, काढायचं नाही. वहीत शब्दांत लिहायचं. शब्दांत लिहिताना तुमची चित्राची सवय कामी येत नाही, आणि नेमकी तीच आत्ता बाजूला हवी आहे. दुपारी चालणं सोसत नसेल तर मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. तुमच्या विषयाचं कपाट सोडून दुसऱ्या कुठल्याही कपाटासमोर उभं राहा.

नवी मुंबईकरांनी ऐरोलीची खाडी धरावी. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आलं. हिवाळ्यापासून मेपर्यंत पक्षी असतात. वन विभागाची बोट भरती-ओहोटीप्रमाणे सुटते, तुमच्या सोयीनं नाही, म्हणून आधी वेळ विचारून जा. सगळा दिवस डेडलाइननं बांधून घेतलेल्या माणसाला पाण्याच्या वेळेवर थांबायला लागणं चांगलं.

दुसरी गोष्ट, ज्यात तुम्ही पूर्ण अडाणी आहात अशा एखाद्या कामाला हात घाला. डिजिटलवाल्यांनी शाडूची माती मळावी, चित्रकारांनी तबल्याचा क्लास लावावा, नटांनी शिवणकाम करून बघावं. त्यात चांगलं व्हायचं नाही. नवशिक्या हाताला बघायची सवय करायची, कारण ब्रेकनंतर तुमचा स्वतःचा हातही काही काळ तसाच असणार आहे.

इथे कुमार गंधर्वांची आठवण निघतेच. क्षयाचं निदान झाल्यावर ते १९४८ मध्ये देवासला गेले आणि काही वर्षं त्यांचं गाणं बंद होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या आसपासच्या बायाबापड्यांची माळवी गाणी कानावर पडत राहिली. औषधानं ते बरे झाले, १९५३ मध्ये पुन्हा मैफलीत आले, तेव्हा गाण्याची घडण बदललेली होती आणि लोकधुनांमधून पुढे धून-उगम राग आले. आजारपणाला ब्रेक म्हणणं बरोबर नाही, कुणाला ते हौसेनं नको असतं. पण एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे: माळव्यातल्या त्या बायका त्यांच्यासाठी गात नव्हत्या. त्यांना श्रोता नको होता, दाद नको होती. आपल्याकडून काहीही नको असलेल्या माणसांच्या आवाजात राहायला मिळणं, हे मुंबईच्या परिसरात राहणाऱ्या कलाकाराच्या वाट्याला फार क्वचित येतं.

मधल्या टप्प्यावर: जुनं काम जमिनीवर

ब्रेक निम्मा झाला की एक दिवस हॉल रिकामा करून घ्या आणि गेल्या चार-पाच वर्षांचं काम तारखेप्रमाणे जमिनीवर मांडा. डिजिटल असेल तर बारीक प्रिंट काढा, झेरॉक्सवाल्याकडच्या साध्या कागदावर. पडद्यावर बघून हे होत नाही, एका वेळी चाळीस चित्रं दिसायला हवीत.

तीन ढीग करा. पैसे न मिळताही पुन्हा केलं असतं ते एका बाजूला. चांगलं झालंय पण पुन्हा नको ते दुसरीकडे. दुसऱ्याच कुणीतरी केल्यासारखं वाटतं ते तिसरीकडे. पहिला ढीग लहान असतो, घाबरू नका.

मग दुसऱ्या ढिगातल्या सवयी शोधा. माझ्या ढिगात प्रत्येक बाईची मान डावीकडे कललेली निघाली, आणि कोपऱ्यात जागा उरली की तिथे तुळशीवृंदावन. घर ग्रामीण असो की घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधलं, वृंदावन आहेच! कुणाचा एकच निळा असतो, कुणाची काळी बाह्यरेषा, कुणाचा शेवटच्या ओळीतला मोठा विराम. अशा पाच-सहा सवयींची यादी करून भिंतीवर लावा. परत काम सुरू कराल तेव्हा काही महिने यांना बंदी. सवय वाईट असते म्हणून नव्हे. ती काढली की चित्रात जे भोक पडतं, तिथे नवीन काय येतं ते बघायचं असतं. आधी लिहिलेली असूयेची यादी याच्या शेजारी लावा. दोन्हींमध्ये बहुधा एकाच दिशेला बोट असतं.

परत येताना

शेवटचे तीन आठवडे काम सुरू करा, पण पोस्टकार्डाएवढं. वीसेक कागद कापून घ्या, दिवसाला एक किंवा दोन, दुरुस्ती नाही, फाडणं नाही. खराब दिसतील. दोनच माणसांना दाखवा, आणि त्यातला एक चित्रकार नसावा.

मोठा बदल एकदम लोकांसमोर नेला की काय होतं, याचं नेहमीचं उदाहरण फिलिप गस्टन. अमूर्त चित्रकार म्हणून त्याचं नाव झालेलं. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यानं रंगकाम बाजूला ठेवून काही काळ नुसती रेखाटनं केली, आणि १९७० मध्ये न्यूयॉर्कला बूट, सिगारेटी, तोंड झाकणारे टोकदार बुरखे घातलेली माणसं अशी जाडजूड, व्यंगचित्रासारखी चित्रं मांडली. समीक्षकांनी झोडपलं, कलाकार मित्रांतल्याही अनेकांनी तोंड फिरवलं. आज त्याची तीच चित्रं सर्वांत जास्त बघितली जातात. पण तो नावाजलेला होता. आपल्याला पुढच्या महिन्याचा मेंटेनन्स भरायचा आहे, तेव्हा बदल टप्प्यानं न्यावा.

नव्या कामाचा पोर्टफोलिओ वेगळा करा, जुन्यात मिसळू नका. मिसळलात तर लोक ओळखीचं तेवढंच उचलतात. पहिलं वर्ष दोन्ही प्रकारची कामं घ्या, पण जुन्या शैलीचा दर वाढवून सांगा. ज्याला हवं तो देईल, आणि तुम्हाला नव्यासाठी वेळ राहील. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीसाठी अर्ज करायचा तर आजच करून टाका, तिथे तारीख मिळायला वर्षं जातात, तोवर तुमचं काम आणखी बदललेलं असेल. दरम्यान ठाण्यात कापूरबावडीला महापालिकेचं कलाभवन आहे. तेही नको असेल तर सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये रविवारी सकाळी भिंतीला चित्रं टेकवून ठेवा. खाली भाजी आणायला निघालेले काका वर येतात, दोन मिनिटं बघतात आणि स्पष्ट बोलतात. गॅलरीत हे मिळत नाही.

जुना क्लायंट म्हणणारच, ‘ते तुमचं नेहमीचंच द्या ना.’ वाद नको. त्याला दोन स्केचेस पाठवा, एक त्याला हवं तसं, एक आत्ताचं, दोन्हींची किंमत शेजारी लिहून. निवड त्याची. त्यानं नवं निवडलं तर त्या बिलातले दहा टक्के वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका, पुढच्या ब्रेकच्या नावानं.